डाव्या हाताचा डेस्कटॉप

ताईंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि एका लांबलचक मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून त्यांना ते संध्याकाळपर्यंत टाइप करून द्यायचं होतं. रजा घ्या, हे सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण ऐकतील त्या ताई कसल्या! ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो, म्हणून सकाळीच मला बोलावणं आलं. "एका हाताने चालेल असं काहीतरी करून दे रे."

आधी स्टिकी कीज सुरू केलं. विंडोजवर शिफ्ट पाचदा दाबला गेला की जो प्रश्न टपकतो आणि आपण वैतागून बंद करतो, तेच हे. कंट्रोल दाबून सोडायचा, मग एस दाबायचा. दोन्ही एकदम धरायला नको. त्याच्या सेटिंगमधली एक टिक मात्र काढून टाकली. कंट्रोलसारखं बटण आणि अक्षर एकदम दाबलं गेलं तर स्टिकी कीज आपोआप बंद होण्याची त्यात सोय असते. घाईत बोटं एकमेकांवर चढतातच, आणि मग आत्ता चालत होतं ते आता का चालत नाही, हे कळेनासं होतं.

पुढचा प्रश्न बटणांच्या जागांचा. कट, कॉपी, पेस्ट डावीकडे आहेत, ते ठीक. पण एंटर, बाण आणि मुख्य म्हणजे बॅकस्पेस उजव्या टोकाला. (ताईंचा डावा हात मोडला असता तर आयबीएमने 1987 साली ठरवलेले जुने शॉर्टकट कामाला आले असते. कंट्रोल-इन्सर्टने कॉपी, शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट. ते अजून पुष्कळ प्रोग्राममध्ये चालतात.) बॅकस्पेससाठी मी कॅप्स लॉकचा बळी दिला. आमच्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे आणि त्यावर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप, आणि त्याच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला जादा बॅकस्पेस करायचा पर्याय तयारच असतो. 2006 सालच्या कोलमॅक या कीबोर्डच्या मांडणीत तर त्या जागी बॅकस्पेसच आहे. करंगळीखालची इतकी मोक्याची जागा क्वचित लागणाऱ्या बटणाला का दिली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

मग विंडो. ताईंना तीन लागतात: एडिटर, रेकॉर्डिंगचा प्लेअर आणि नावांची यादी. ऑल्ट-टॅबने फिरत राहिलं तर कुठली पुढे येईल ते आधी कुठे होतो यावर ठरतं. मला प्रत्येक विंडोला कायमचं एक बटण द्यायचं होतं. प्लाझ्मात विंडो रूल्स नावाचा भाग आहे. तिथे अमुक प्रोग्रामची विंडो म्हणजे अमुक शॉर्टकट, असं बांधून टाकता येतं. मी क्यू, डब्ल्यू, ई अशी जुळणी डोक्यात घेऊन बसलो होतो. शिवाय विंडो अर्ध्या स्क्रीनवर चिकटवायचा एक, मोठी करायचा एक, अशी लांब यादी होती. ताईंनी ती निम्म्यातच थांबवली. "अरे, एवढं लक्षात ठेवू की मुलाखत ऐकू? मला 1, 2, 3 दे. बाकी काही नको." सुपर (म्हणजे विंडोजच्या खुणेचं बटण) आणि आकडा हा शॉर्टकट टास्कबारने आधीच धरून ठेवलेला असतो, तो तिथून सोडवून घेतला. प्लेअर थांबवायला-चालवायला एफ 2 दिलं, तेही असं की कुठलीही विंडो पुढे असली तरी चालेल.

दुपारपर्यंत मस्त चाललं. मग ताईंच्या टेबलावरून मोठ्याने हाक आली. प्लेअर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता, आणि रेकॉर्डिंग कुठवर आलं होतं ती जागा गेली होती.

झालं होतं असं. प्लेअरने 'अपडेट तयार आहे, पुन्हा सुरू करू?' अशी चौकट पुढे टाकली. ताई टाइप करत होत्या, त्यांनी पुढच्या शब्दासाठी स्पेस दाबला, आणि तो स्पेस त्या चौकटीतल्या 'हो' वर पडला. दोन हातांनी टाइप करणाऱ्याची नजर स्क्रीनवर असते, त्याला चौकट दिसते. एका हाताने टाइप करणारा खाली बटणांकडे बघतो. वर काय उगवलं ते त्याला दिसतच नाही. त्यात स्टिकी कीज: कंट्रोल दाबून सोडलाय, अक्षर बाकी आहे, तेवढ्यात दुसरीच विंडो पुढे आली, तर तो कंट्रोल त्या नव्या विंडोत जाऊन पडतो. पुढचं अक्षर डब्ल्यू असलं तर पुष्कळ प्रोग्राममध्ये समोरचं काम मिटलंच म्हणायचं.

म्हणजे खरं काम शॉर्टकटचं नव्हतंच. टाइप करताना कुणी मध्ये घुसू नये, ही व्यवस्था हवी होती. प्लाझ्मात तिला पाच पायऱ्या आहेत, अजिबात नाही पासून टोकाच्यापर्यंत, आणि मुळात ती 'कमी'वर असते. विंडो मॅनेजर, म्हणजे विंडो मागेपुढे करणारा प्लाझ्माचा भाग, बघतो की माणसाने शेवटचं बटण कधी दाबलं आणि नवी विंडो त्याच्या कुठल्या कृतीतून उघडली. 'कमी'वर असताना नक्की ठरवता आलं नाही, तर नव्या विंडोला झुकतं माप मिळतं. टोकाची पायरी लावली असती तर ताईंनी स्वतः उघडलेली विंडोसुद्धा हात लावल्याशिवाय जागी झाली नसती. म्हणून 'जास्त' लावली: काम चालू असेल त्याच प्रोग्रामची विंडो पुढे येऊ शकते, बाकीच्यांनी टास्कबारवर थांबायचं. एडिटरची सेव्हची चौकट येते, प्लेअरची अपडेटची येत नाही. चॅटसाठी वेगळा नियम करून टोकाची पायरी लावली, कारण चॅटवर माझा कधीच विश्वास नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या आवडीविरुद्ध केली. माउस जिथे जाईल ती विंडो आपोआप जागी होणं मला फार सोयीचं वाटतं, आणि आमच्या मशीनवर मी तेच लावून ठेवतो. पण प्लास्टरचा कोपर माउसला लागत होता. क्लिक केल्याशिवाय फोकस (टाइप केलेलं ज्या विंडोत जातं ती जागा) हलणार नाही, असं करून दिलं.

मुलाखत त्या संध्याकाळी पूर्ण झाली. प्लास्टर निघाल्यावर ताईंनी स्टिकी कीज बंद करायला सांगितलं, पण कॅप्स लॉकला हात लावू दिला नाही. चॅटचा नियमही राहिला. तो आता विभागात बाकीच्यांनाही हवा आहे. या सेटिंगच्या साध्या मजकुराच्या फाइली होम फोल्डरमध्येच असतात, त्या उचलून दुसऱ्या मशीनवर टाकल्या की झालं. फक्त तिथलं सेशन आधी लॉगआउट केलेलं असावं. शॉर्टकटची फाइल चालू डेस्कटॉप स्वतः लिहीत असतो, तो आपली जुनी प्रत वरून लिहून टाकू शकतो.