सहा रुपयांचं उत्तर

जुलै २०२४. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात बीसीएच्या, म्हणजे संगणकाच्या पदवीच्या, प्रवेशाचं काम माझ्याकडे होतं. जत तालुक्यातून बाप-लेक आले. बारावी कॉमर्सला ८४ टक्के. "मॅडम, फॉर्म द्या," वडील म्हणाले. मी सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा, स्कोअर विचारला, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

बीसीए एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलं आणि त्या वर्षी राज्यात पहिल्यांदाच त्यासाठी सामाईक परीक्षा झाली, २९ मेला. अर्जाची मुदत बारावीचा निकाल लागायच्या आधीच संपलेली. सायन्सच्या पोरांना सीईटी अकरावीपासून माहीत असते. कॉमर्सच्या पोरीला ती सांगायची कुणी? तिच्या कॉलेजात साधी नोटीस लागली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

आधी आम्ही आमचीच चाचणी घ्यायचो, पेपर मी काढायचे. त्यातला एक प्रश्न मी फार जपलाय. यंत्रात १, ३ आणि ४ रुपयांची नाणी आहेत. यंत्र दरवेळी बसेल ते मोठ्यात मोठं नाणं आधी देतं. अशी कुठली रक्कम आहे का, जिथे ते गरजेपेक्षा जास्त नाणी देतं? तिला तो दिला. पाठकोऱ्या कागदावर तिने एकाखाली एक आकडे लिहिले, शेजारी दोन रकाने आखले, 'यंत्र' आणि 'मी'. सहावर थांबली. यंत्राची तीन नाणी, तिची दोन. मग स्वतःहून म्हणाली, "चारचं नाणं काढलं तर यंत्र चुकणार नाही."

सामाईक परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले ४० इंग्रजीचे. असला विचार त्यात दिसायला जागाच नाही. पण आमच्या चाचणीच्या वेळी "आपला मुलगा आहे, बघा जरा" असे फोन यायचे, तेही खरं. सामाईक परीक्षा आल्यावर ते थांबले. माझे सहकारी त्यावरच खूश आहेत, आणि त्यांना खोटं ठरवणं मला जमत नाही.

राज्यभर जागा रिकाम्या राहणार असं दिसल्यावर ४ ऑगस्टला परीक्षा पुन्हा झाली. जतच्या त्या पोरीचा अर्ज मी तिला ऑफिसात बसवून भरून घेतला. इंग्रजीत ती अडखळली, पर्सेंटाइल बेताचाच आला. तरी प्रवेश मिळाला, कारण आमच्याकडे जागा शिल्लकच होत्या. मग या परीक्षेने आमच्याकडे निवडलं कुणाला? तिच्याच वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या परीक्षेची बातमी पोचायच्या आत बी.ए.ला गेली होती. फी भरून झाली होती, वडील आता बदलायला तयार नव्हते.