एका जुन्या कॅसेटला एवढे पैसे का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘नेटवर फुकट मिळतंय की ओ, मग वीस-वीस हजार कशाला घालायचे?’ बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत, जुने व्हिडिओ गेम जमवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, गणपतीच्या आरतीनंतर येतो, बँकेच्या रांगेतही येतो. आजवर एका वाक्यात उत्तर दिलं आणि ते कुणालाच पटलं नाही. आता सविस्तर देतो. फक्त आरपीजीबद्दल, म्हणजे पात्र बनून लांबलचक कथा खेळायच्या ‘रोल-प्लेइंग गेम’बद्दल बोलतो, कारण माझं कपाट त्यांनीच भरलंय आणि तुमचा सगळ्यात मोठा आक्षेपही त्यांच्याच किमतीवर आहे.

आरपीजी महाग असतो तो लांबीमुळे. हा चाळीस-पन्नास तासांचा खेळ, एका बैठकीत संपत नाही. म्हणून ‘सेव्ह’ लागतं. कॅसेटच्या काळात सेव्ह म्हणजे कॅसेटच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर एक वेगळी मेमरी चिप आणि तिला जिवंत ठेवायला एक बॅटरी. मजकूर प्रचंड, त्यामुळे रॉम, म्हणजे गेम साठवणारी चिप, मोठी. जपानीतून इंग्रजीत आणायचा तर भाषांतराचा खर्च. एवढं करून अमेरिकेत खपेल याची खात्री नाही, म्हणून प्रती कमी. आज आपण भरतो त्या किमतीत हे सगळं जमा झालेलं आहे.

आपल्याकडे तर हे खेळ आलेच नाहीत. नव्वदच्या दशकात बेळगावच्या घराघरात जे टीव्ही गेम होते ते बहुतेक फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेमयंत्राचे क्लोन, म्हणजे नकला. त्यांच्या ‘६४ इन वन’ कॅसेटीत बॅटरी घालण्याचा खर्च कोण करणार? त्यामुळे मारिओ आला, काँट्रा आला, गाड्यांच्या शर्यती आल्या. ज्यात काल सोडलं तिथून आज पुढे जायचं असतं तो प्रकार आला नाही. म्हणून ‘खडेबाजारात जुन्या सामानात शोध की’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी उपयोगाचा नाही. जे इथे कधी विकलंच गेलं नाही ते भंगारात कुठून निघणार?

जुनं म्हणजे महाग, हेही खरं नाही. ‘ड्रॅगन वॉरियर’ अमेरिकेत १९८९ मध्ये आला आणि पुढे निन्टेंडोने तो आपल्या मासिकाच्या वर्गणीबरोबर फुकट वाटला. प्रती एवढ्या पसरल्या की आजही सुटी कॅसेट स्वस्तात मिळते. १९९७चा ‘फायनल फॅन्टसी ७’ प्रचंड खपला, त्यामुळे तोही आवाक्यात आहे. याउलट ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ बघा. १९९८ साल, चार डिस्कचा खेळ, आणि पश्चिमेत सेगा सॅटर्न हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमयंत्र, अखेरच्या घटका मोजत होता. इंग्रजी प्रती मोजक्याच निघाल्या. चारपैकी एक डिस्क खराब असेल तर तो संच अर्धवट, आणि एकटी डिस्क शोधत बसणं संच शोधण्यापेक्षा अवघड. अमेरिकी सॅटर्नची ती उंच, ठिसूळ प्लॅस्टिकची डबी तर वाटेतच तडकते. फोटोत डबी अखंड दिसली तरी बिजागरीचे दात विचारून घ्यावे लागतात.

आता शुल्क. विक्रेत्याची किंमत ही फक्त सुरुवात असते हे सांगून माझा घसा कोरडा पडलाय. काही वर्षांपूर्वीपर्यंत वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालावर मूळ आयातशुल्क ३५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि हे सगळं मिळवून जी रक्कम होईल तिच्यावर २८ टक्के आयजीएसटी, असा हिशेब होता. एकूण ७७.२८ टक्के. तेही नुसत्या मालावर नाही, वाहतूक आणि विमा धरून. समजा गेम १०,००० रुपयांचा आणि पाठवणावळ २,५००. मग १२,५०० वर शुल्क ९,६६० आणि हातात पडेपर्यंत २२,१६०. खाजगी कुरिअर असेल तर शुल्क आधी भरल्याबद्दल त्यांची वेगळी फी. दर बदलत असतात, चालू दर बघूनच मागवा. पण वाहतुकीसकट किमतीवर शुल्क, ही रीत लक्षात ठेवा. म्हणूनच दोन-तीन गेम एका खोक्यात मागवले तर प्रत्येकी पाठवणावळ कमी होते आणि तिच्यावरचं शुल्कही कमी होतं. ‘गिफ्ट म्हणून पाठवायला सांग’ असं सुचवणाऱ्यांसाठी: भेटवस्तूंना ५,००० रुपयांपर्यंत असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली.

‘मग देशातच कुणाकडून तरी घे, शुल्क वाचेल.’ हेही तुम्ही म्हणता. त्यासाठी खानापूरच्या आमच्या एका मित्राच्या ‘अर्थबाउंड’चं काय झालं ते नीट सांगायला हवं.

‘अर्थबाउंड’ सुपर निन्टेंडो या कन्सोलवर १९९५ मध्ये अमेरिकेत आला, मोठ्या खोक्यात, आत जाडजूड मार्गदर्शक पुस्तकासह. तेव्हा फारसा चालला नाही. आज सुटी कॅसेटच शेकडो डॉलरला जाते आणि खोकं-पुस्तकासकट संच हजार डॉलरच्या वर. मित्राला देशातल्याच एका विक्रेत्याकडे सुटी कॅसेट निम्म्या किमतीत मिळाली. लेबल स्वच्छ, गेम सुरू होतो, सेव्ह होतो. आणखी काय बघायचं, असं कुणालाही वाटेल.

पण या गेमच्या आत चोरीविरुद्धची व्यवस्था थरांनी रचलेली आहे. खऱ्या कॅसेटमध्ये सेव्हसाठी ८ किलोबाइटची मेमरी असते. नक्कल करणाऱ्या यंत्रांत ती जास्त असायची. गेम सुरू होताना ही मेमरी मोजतो, आणि जास्त सापडली तर इशाऱ्याचा पडदा दाखवून थांबतो. नक्कल करणारे एवढाच पडदा कोडमधून काढून टाकतात आणि काम झालं असं समजतात. आतल्या तपासण्या तशाच राहतात. त्यातली एक गुपचूप शत्रूंची संख्या वाढवते. मित्राला पहिल्या गावाबाहेरच पावलापावलावर लढाई लागत होती. तो समजला, गेमच कठीण आहे. मंडळी, तो कठीण नाही. नवख्यांनाही सांभाळून घेणारा खेळ आहे तो. पण खरी कॅसेट कधी चालवलीच नसेल तर तुलना कशाशी करणार? गड्याने नेट धरला. पातळी वाढवत, औषधं साठवत, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तास घालून तो शेवटच्या लढाईपर्यंत पोचला. तिथे, गिगसशी लढाई ऐन भरात असताना, पडदा गोठला. बंद करून चालू केल्यावर सेव्हच्या तिन्ही जागा रिकाम्या.

तो बिघाड नव्हता. गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम घातलेला शेवटचा थर होता तो: नक्कल असेल तर शेवटच्या लढाईत थांबायचं आणि सगळं पुसायचं. पैसे निम्मे गेले म्हणून मला त्याचं दुःख झालं नाही. त्याने जे तास घातले ते खऱ्या कॅसेटवर घातले असते तर त्याला शेवट दिसला असता, याचं झालं. आणि विक्रेत्याचं म्हणणं काय, तर ‘टेस्ट करून दिली होती’. पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही.

कॅसेट उघडल्यावर पाच सेकंदांत कळलं. उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट लागतो, साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. खऱ्या पाटीवर निन्टेंडोचं नाव, साल आणि एसएचव्हीसीने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. एक मोठी मास्क रॉम, सेव्हची मेमरी, बॅटरी आणि कन्सोलशी ओळख पटवणारी सीआयसी चिप, सगळ्यांवर छपाई असते. नकली पाटीवर नाव नसतं, छपाई खरवडलेल्या फ्लॅश चिपा असतात, कधी काळ्या डांबरासारख्या गोळ्याखाली चिप झाकलेली असते, आणि हाताने केलेल्या सोल्डरचा चिकट मळ राहिलेला असतो. शिवाय अशा कित्येक चिपा ३.३ व्होल्टच्या असून कन्सोलच्या ५ व्होल्टवर तशाच जोडलेल्या असतात. त्या किती दिवस टिकतील याचा भरवसा नाही. म्हणून पैसे देण्याआधी पाटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि लेबलचा तिरप्या उजेडातला. बऱ्याच खऱ्या लेबलांवर दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा तिरप्या उजेडातच दिसतो. विक्रेता उघडायला तयार नसेल तर घेऊ नका. निम्मी किंमत असली तरी नको.

खरी कॅसेट आली तरी खर्च थांबत नाही. तीस वर्षांपूर्वीची बॅटरी कधीही मान टाकते. सुपर निन्टेंडोच्या सेव्ह होणाऱ्या कॅसेटीत सीआर२०३२ असते. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये सीआर२०२५, आणि तिथे तीच बॅटरी घड्याळही चालवते म्हणून लवकर संपते. मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या जवळ असेल तर ठीक, अडीचच्या खाली गेली असेल तर बदला. आधी कार्ट रीडरवर, म्हणजे कॅसेटमधला मजकूर संगणकावर उतरवणाऱ्या यंत्रावर, सेव्हची प्रत काढून घ्या, कारण बॅटरी निघाली की सेव्ह गेलं. पट्ट्या आधीच वेल्ड केलेली बॅटरीच आणा. बेळगावात सोल्डर करणारे चांगले हात पुष्कळ आहेत. फक्त त्यांना दोन गोष्टी बजावा: सोल्डरिंगचा तापलेला दांडा सरळ बॅटरीला लावायचा नाही, आणि गरम हवेची गन वापरायची नाही. तापलेली लिथियम बॅटरी फुटते, आणि जास्त वेळ उष्णता दिली की पाटीवरचं तांबं उचललं जातं. अधिक-उणेच्या खुणांचा फोटो काढून ठेवायचा. बॅटरी शंभर रुपयांच्या आसपास, मजुरी किरकोळ. बिघडली तर मात्र पूर्ण कॅसेटची किंमत.

सॅटर्नची बॅटरी कन्सोलच्याच मागे झाकणाखाली असते, ती घरी बदलता येते. जपानी सॅटर्न घेतलात तर तो १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घातला की पॉवर सप्लाय गेलाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे पैसे कन्सोलच्या किमतीतच धरा.

आणि पाऊस. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं, तिथे १९९०च्या दशकातला कागद कसा टिकणार? पुस्तिकांना बुरशी धरते, नकाशे घड्यांवर फाटतात. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. पुड्यांनी रंग बदलला की वाळवून परत घाला. डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नका. त्यांची वाफ डिस्कच्या डब्यांच्या पॉलिस्टायरीनला खाते, ते मऊ आणि चिकट होतं. कॅसेटचे संपर्क साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूसकाडी. खोडरबर नको, त्याने वरचा सोन्याचा मुलामा घासला जातो.

पूर्वी या प्रश्नावर माझं ठरलेलं उत्तर असायचं: ही गुंतवणूक आहे, भाव वाढतच जाणार. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली तेव्हा तर हे उत्तर द्यायला जोर आला. आज ते उत्तर मला मान्य नाही. त्या लिलावातली वस्तू सीलबंद होती, दर्जाचा आकडा लावून काचेसारख्या पेटीत बंद होती. माझ्या वापरातल्या कॅसेटींशी तिचा संबंध नाही. शिवाय भाव वाढला तरी विकायचं कुणाला? गिऱ्हाईक परदेशात, पाठवणावळ पुन्हा डोक्यावर, आणि आयातशुल्क काही परत मिळत नाही. पण हेही सांगतो, ते उत्तर देणारा तेव्हाचा मी अगदीच चुकीचा नव्हता. जे थांबले त्यांना आज तीच कॅसेट कितीतरी जास्त पैशांत घ्यावी लागते.

राहिला फुकटचा मुद्दा. खेळायचंच असेल तर ‘अर्थबाउंड’ निन्टेंडोने २०१३ मध्ये वी यू या कन्सोलवर (त्याचं ऑनलाइन दुकान २०२३ मध्ये बंद झालं) आणि २०२२ मध्ये स्विच या कन्सोलच्या ऑनलाइन सेवेत पुन्हा आणला. कायदेशीर, स्वस्त, सेव्ह पुसलं जाण्याची भीती नाही. मित्राला मी तोच मार्ग सांगितला आणि तुम्हालाही सांगेन. मग मी का घेतो? १९८८चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा संगणकावरचा गेम घ्या. त्यात गेम मधेच म्हणतो, नोंदवहीतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. कथेचा तो भाग डिस्कवर नाहीच, छापील पुस्तिकेत आहे. सुरुवातीला शब्द विचारतो, तो खोक्यातली पुठ्ठ्याची चकती फिरवून काढायचा. अर्धा खेळ कागदावर आहे. त्याची पीडीएफ मिळते, हे मला ठाऊक आहे. पीडीएफने काम भागतं का? भागतं. मला भागल्यासारखं वाटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हाला पटेल अशा शब्दांत मला अजून सांगता आलेलं नाही.

सध्या सॅटर्नवरच्या ‘शायनिंग फोर्स ३’चा विचार चालू आहे. तीन भागांपैकी पहिलाच इंग्रजीत आला, बाकीचे दोन फक्त जपानीत. जपानी प्रती इंग्रजीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. तिन्ही एकाच खोक्यात मागवले तर पाठवणावळ एकदाच. पण मग जपानी सॅटर्न आला, ट्रान्सफॉर्मर आला, आणि पाऊस संपेपर्यंत खोकं उघडायचं की नाही हा प्रश्नही आला. आकडे कागदावर मांडून ठेवलेत. घरी अजून दाखवले नाहीत.