आमची वाटचाल : थकलेले येणे आणि शिक्क्याचे पत्र

पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा आमचा कारखाना उधारीवरच उभा राहिला. कागद उधारीने आणायचा, खोकी उधारीने द्यायची, आणि मधली एक कडी निसटली की पगाराच्या दिवशी काय होते, हे आम्हाला 2012 साली कळले. त्या वर्षी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहक कंपनीने साडेअकरा लाख रुपये थकवले. मालाबद्दल तक्रार नव्हती, बिले मान्य होती. फक्त 'पुढच्या आठवड्यात बघतो' एवढेच उत्तर मिळे.

वकिलांनी 1956च्या कंपनी कायद्यातील कलम 433 आणि 434चा मार्ग सुचवला. नोंदणीकृत कार्यालयात लेखी नोटीस पोचल्यापासून तीन आठवड्यांत निर्विवाद देणे चुकते झाले नाही, तर कंपनी देणी फेडण्यास असमर्थ आहे असे धरले जाई आणि ती गुंडाळण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येई. नोटीस मी त्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवणार होतो; वकिलांनी वेळीच थांबवले.

अर्जाला उत्तर देताना मात्र आमची खोकी निकृष्ट असल्याचे कंपनीला अचानक आठवले. देण्याबद्दल खरोखरीचा वाद असेल तर असा अर्ज टिकत नाही, त्यामुळे माझे धाबे दणाणले. आम्हाला तारले ते हिशेब पाहणाऱ्या बाईंनी. दर 31 मार्चनंतर त्या प्रत्येक ग्राहकाला बॅलन्स कन्फर्मेशनचे, म्हणजे त्याच्याकडून आमचे किती येणे आहे हे त्याने मान्य करण्याचे, पत्र धाडत आणि ते शिक्का मारून परत येईपर्यंत फोन करत. मला तो नसता सोस वाटे. पण या कंपनीचेही तसे पत्र फायलीत होते: जरासा तिरका उमटलेला निळा शिक्का, खाली सही आणि पैशापर्यंत जुळणारी रक्कम. देणे त्यांनीच मान्य केले होते, त्यामुळे वाद टिकला नाही. न्यायालयाने अर्ज दाखल करून घेतला आणि त्याची वृत्तपत्रात जाहिरात देण्याची वेळ येताच, बँका ती वाचतील या धास्तीने, कंपनीने चार हप्त्यांत पैसे भरले. कंपनी खरोखरच गुंडाळली गेली असती, तर कामगार आणि बँकांची देणी भागवून आमच्यासारख्या विनातारण धनकोंच्या हाती फारसे काही लागले नसते, म्हणून याला विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ती वाटही आम्हाला बंद आहे. 2016च्या दिवाळखोरी संहितेनुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. नोटिशीची मुदत 10 दिवसांची आहे, पण मार्च 2020मध्ये थकबाकीची किमान मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी रुपये झाल्याने आमचे कोणतेच येणे तीत बसत नाही. त्यामुळे आम्ही लघुउद्योग म्हणून नोंदणी केली असून कमाल 45 दिवसांची कायदेशीर मुदत आणि त्यापुढील चक्रवाढ व्याजाची अट बिलावरच छापतो. पत्रांचा पाठपुरावा आता मी स्वतः करतो. यंदाची दोन अजून परत यायची आहेत.