वीस हर्ट्झचं कोडं सुटलं!

सापडलं! मी बांधत असलेल्या ऑडिओ अँप्लिफायरमध्ये तीन आठवडे छळणाऱ्या २० हर्ट्झच्या डिस्टॉर्शनचं (अगदी खालच्या सुराला लाटेचा आकार बिघडण्याचं) मूळ काल रात्री साडेअकराला हाती लागलं. ऑफिसला निघायच्या आत लिहून काढतो.

मागच्या नोंदीत डावा चॅनल पूर्ण झाला होता. ८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) ५० वॅट, गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) २३, म्हणजे फीडबॅकला, आउटपुटचा ठरावीक हिस्सा इनपुटशी ताडायला परत आणणाऱ्या वाटेला, २२ के आणि १ के ओहमचे रेझिस्टर. १ किलोहर्ट्झला डिस्टॉर्शन ०.००४ टक्के, मोजणाऱ्या साउंडकार्डच्या स्वतःच्या तळाला जवळपास टेकलेलं. पण २० हर्ट्झला ०.०४. दहापट!

हे पटतच नव्हतं. लूप गेन (चुका सुधारायला फीडबॅककडे शिल्लक असलेला गेन) खालच्या फ्रिक्वेन्सीलाच सगळ्यात जास्त असतो. समजा ओपन लूप गेन, म्हणजे फीडबॅकशिवायचा गेन, १०,००० आहे आणि सिग्नलच्या एखाद्या टोकाला ट्रान्झिस्टर दमले म्हणून तो ५,००० वर आला. फीडबॅक नसेल तर लाट निम्मी चेपली जाईल. फीडबॅक असला की बाहेरचा गेन २२.९५ वरून २२.८९ वर येतो, म्हणजे फरक जेमतेम पाव टक्का. निगेटिव्ह फीडबॅकमधलं मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. अमेरिकन इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅकला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ला फेरीबोटीतून कामावर जाताना सुचली आणि त्याने ती हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच मांडली. टेलिफोन लाइनवर एकामागे एक अँप्लिफायर लावले की डिस्टॉर्शन साचत जायचं, त्यावर तो उपाय शोधत होता. गेन उधळायचा आणि बदल्यात सरळपणा मिळवायचा.

मग माझ्याकडे गेन भरपूर असताना सरळपणा कुठे जात होता?

आधी संशय पॉवर सप्लायवर. फिल्टर कपॅसिटर दुप्पट केले, काही फरक नाही. मग ग्राउंड: स्टार पॉइंट (सगळ्या ग्राउंड वायर एकत्र येतात तो बिंदू) नव्याने बांधला. १०० हर्ट्झची गुणगुण कमी झाली, तेवढा आनंद मिळाला, पण हार्मोनिक, म्हणजे २० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले सूर, जागच्या जागी. इनपुटच्या ट्रान्झिस्टरची जोडी बदलली, तरी तेच. शेवटी मिलर कपॅसिटर (अँप्लिफायर स्थिर ठेवणारा) कमी करून पाहिला, तर बोर्ड ऑसिलेट झाला, म्हणजे आपलं आपणच कंप पावू लागला, आणि आउटपुटवरच्या झोबेल जोडणीचा रेझिस्टर करपला. तो वास अजून खोलीत आहे.

काल शेवटचा उपाय म्हणून जुन्या बाजारातला माझा २० मेगाहर्ट्झचा सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, काढला. (नवे छोटे डिजिटल स्कोप दिसायला छान, पण कमी व्होल्टेजची लाट पाहायला मला अजून हाच बरा वाटतो.) प्रोब १ के रेझिस्टरच्या खालच्या टोकाला, म्हणजे २२ मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर टेकवला. तो सिग्नलला सरळ ग्राउंडकडे वाट देतो, त्यामुळे तिथे सिग्नल जवळपास दिसायलाच नको. १ किलोहर्ट्झला खरंच रेष सपाट होती. नॉब २० हर्ट्झवर आणला आणि पडद्यावर जवळजवळ ९०० मिलिव्होल्टची लाट हळूहळू चढू-उतरू लागली. मी खुर्चीतून उठलोच.

इलेक्ट्रोलिटिकवर एवढा एसी (बदलता) व्होल्टेज आला की तो सरळ वागत नाही. आणि तो बसलाय फीडबॅकच्या वाटेतच! अँप्लिफायर स्वतःच्या चुका सुधारतो ते त्या वाटेने आलेला सिग्नल खरा मानून. सराफाचा काटा कितीही बारीक असो, दुसऱ्या पारड्यातलं वजनच हलकं असेल तर सोनं चुकीचंच तोललं जाणार. इथे लूप गेन कितीही वाढवला तरी उपयोग नाही. आउटपुट त्या बिघडलेल्या मापाशीच आणखी घट्ट जुळतं. तीन आठवडे मी काटाच घासत बसलो होतो.

सुदैवाने पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, आणलेले ४७० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डब्यात होते. (तिथे जायचं तर सकाळी दुकानं उघडता उघडता, तेव्हा काउंटरवर निवांत निवडू देतात.) लावला, तर २० हर्ट्झला त्याच्यावर जेमतेम ४० मिलिव्होल्ट. डिस्टॉर्शन ०.००४! तीनदा मोजलं. मग तबल्याची एक रेकॉर्डिंग लावली आणि डग्ग्याची घसीट ऐकत बारा वाजेपर्यंत बसलो.

कपॅसिटर वाढवल्यामुळे चालू करताना आउटपुट स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून स्पीकर उशिरा जोडणाऱ्या रिलेचा डिले दोनवरून चार सेकंद केलाय.

उजव्या चॅनलला कपॅसिटरच काढून डीसी सर्व्हो (आउटपुटवरचा डीसी आपोआप शून्यावर आणणारं सर्किट) लावायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, सर्व्होचं आउटपुटही मी फीडबॅकच्या त्याच नोडला (जोडबिंदूला) जोडणार, म्हणजे २० हर्ट्झला त्यात उरलेलं जे काही असेल ते परत त्याच वाटेने आत. मग आधी १००० मायक्रोफॅरड लावून मोजतो. तो सरळ निघाला तर सर्व्होची गरजच नाही. कोणी सर्व्हो आणि मोठा कपॅसिटर एकाच बोर्डावर शेजारी शेजारी मोजलाय का? आकडे नक्की कळवा.

आता उरलं २० किलोहर्ट्झ. तिथे लूप गेन खरोखरच कमी पडतो, क्रॉसओव्हरचे काटे (आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम सोपवतात तिथले टोचे) सीआरओवर स्पष्ट दिसतात. बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) थोडा वाढवून पाहतो, पण आधी नवा झोबेल रेझिस्टर, या वेळी पाच वॅटचा.