मंडळी कुठं गेली? चर्चच्या थेट प्रक्षेपणाची पुढची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत चित्र सुरू झालं होतं आणि मी खुशीत होतो. ती खुशी तीन रविवार टिकली. चौथ्या रविवारी उपासना संपते न संपते तोच मिरजेहून एका आजींचा फोन. खुबा मोडल्यापासून त्या लेकीकडे आहेत, नगरच्या आपल्या चर्चची उपासना फोनवर बघतात. म्हणाल्या, "बाळा, पाळकसाहेब छान ऐकू येतात. पण गीत लागलं की ते एकटेच गातात. मंडळी कुठं गेली? आणि पेटी वाजतेय का नाही?"

मंडळी जागेवरच होती, पेटी-तबलाही होता. मी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर आजींचं शंभर टक्के खरं. पुलपीटच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, माईकवर पाळकसाहेबांचा एकट्याचा आवाज, मागे विहिरीतून आल्यासारखी कुजबुज.

चूक माझीच होती. मिक्सरचा मुख्य आउटपुट मी सरळ लॅपटॉपला दिला होता. पण मुख्य आउटपुट म्हणजे सभागृहात जे कमी पडतं तेवढंच. आमचं चर्च जुनं, काळ्या दगडाचं. टाळी वाजवली की दोनेक सेकंद रेंगाळते. तिथे पेटीला स्पीकरची गरजच नाही, म्हणून तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, कायम खाली. मंडळीच्या गाण्याला तर माईकच नाही. सभागृहात सगळं जुळून येतं, कारण निम्मा आवाज हवेतून येतो. घरी बसलेल्याला ती हवा मिळत नाही. ना. वा. टिळकांनी ज्या गावात राहून भजनं लिहिली, त्या गावातून भजन पेटीशिवाय बाहेर पाठवायचं म्हणजे जरा लाजच वाटली.

मग प्रक्षेपणासाठी वेगळं मिक्स. आमच्या १२ चॅनलच्या साध्या ॲनालॉग मिक्सरवर ऑक्स १ (मुख्य आउटपुटशिवाय आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) प्री-फेडर आहे. म्हणजे फेडर शून्यावर असला तरी त्या चॅनलचा आवाज ऑक्समधून जातो. पेटीला एक माईक, तबल्याला एक, दोन्हींचे फेडर खाली, ऑक्सची बटणं वर. सभागृहात काडीचा फरक नाही, पण लॅपटॉपवर पेटी आली. पेटीचा माईक आधी भात्याच्या बाजूला ठेवला होता, तर सुरांपेक्षा फसफसच जास्त. आता वरून, सुरांच्या बाजूने, वीतभर अंतरावर आहे.

ऑक्सची तार वर गॅलरीत न्यायची होती. लॅपटॉप आणि कॅमेरा तिथेच असतात. पहिल्यांदा घरातली साधी, अनबॅलन्स्ड (बाहेरची घरघर न रोखणारी) केबल लांबवून नेली आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू झाली. चार्जर काढला की घूं बंद, लावला की चालू. मिक्सर खालच्या सॉकेटवर, लॅपटॉप वरच्या. दोन अर्थिंगमधून फेरा पूर्ण होत होता. दीड तास बॅटरीवर काढणं हा काही उपाय नव्हे. २५ मीटरची बॅलन्स्ड एक्सएलआर केबल टाकली, लॅपटॉपच्या टोकाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज जाऊ देऊन अर्थिंगचा फेरा तोडणारी डबी, बसवला. घूं गेली ती गेलीच. हे आधी केलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

राहिली मंडळी. त्यासाठी एक स्टीरिओ माईक कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला लावला. त्याचा आवाज चित्राबरोबर एचडीएमआयमधून येतो आणि ओबीएसमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळा सोर्स म्हणून दिसतो, वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागत नाही. पण इथे खरी मजा सुरू झाली. दोन्ही आवाज एकत्र केले तर पाळकसाहेब प्रत्येक शब्द दोनदा बोलू लागले.

शनिवारी संध्याकाळी चर्च रिकामं असताना बसलो. तरुण संघातली एक मुलगी, दहावीत आहे, पुलपीटच्या माईकसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी रेकॉर्ड करून फ्रेम मोजत होतो. कॅमेरा २५ फ्रेमवर, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. ऑक्सचा आवाज चित्राच्या तीन फ्रेम पुढे धावत होता, कारण चित्राला कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या जोडणीतून) यायला वेळ लागतो. म्हणून ऑक्सला १२० मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट दिला, म्हणजे तेवढा उशिरा सोडला. ओठ जुळले, पण दुहेरी आवाज तसाच. थोडा वेळ डोकं खाजवलं, मग पोरीनेच विचारलं, "काका, पुलपीटपासून इथवर आवाज यायला वेळ लागत नाही का?" लागतो की! आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. गॅलरी पुलपीटपासून १४ मीटर, म्हणजे ४१ मिलिसेकंद. ऑक्सचा ऑफसेट १२०वरून १६० केला आणि दोन आवाजांचा एक झाला. आता ओठांच्या मागे आवाज एक फ्रेम आहे, ते कुणाला कळत नाही. समोरच्या बाकावर बसलं नाही तर चर्चमध्येही तसंच असतं.

हॉल माईक सतत वर ठेवता येत नाही. संदेशाच्या वेळी पंखे, खोकला आणि गॅलरीतली कबुतरं. म्हणून तीच मुलगी उपासनेचा छापील क्रम समोर चिकटवून बसते: गीत आलं की वर, प्रार्थना आणि वाचन आलं की खाली. 'आमेन'च्या जरा आधी ती बोट हॉटकीवर (हॉल माईक वर-खाली करायच्या कळीवर) नेऊन ठेवते, हे मी शिकवलेलं नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. ट्यूबलाइटमुळे काळे पट्टे सरकत होते. शटर १/६०वरून १/५०वर आणलं, पट्टे गेले. वेदीमागच्या खिडकीमुळे पाळकसाहेबांचा काळा पुतळा व्हायचा. ऑटो एक्स्पोजर बंद करून त्यांच्या चेहऱ्यावर लॉक केलं. खिडकी पांढरी फटक दिसते, दिसू दे. ७२०पी पाठवतो. १०८०पी करा म्हणून आग्रह होतो, पण बघणारे बहुतेक फोनवर आहेत आणि चित्र जरा मऊ असलं तर कुणी तक्रार करत नाही. आवाज तुटला की फोन येतात.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मात्र फजिती झाली. बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची लांब उपासना. ब्रॉडबँड सकाळीच गेलं होतं, म्हणून माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवलं. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, ३००० केबीपीएस (किलोबिट), आवाजाचा १६०. माझा प्लॅन दिवसाला दीड जीबीचा. हिशेब करायला हवा होता: एवढ्यात तासभर जेमतेम निघतो. तिसऱ्या उद्गारावर प्रक्षेपण थिजलं. पुढचं सेक्रेटरीसाहेबांच्या फोनवर, बिटरेट १५००वर आणून. आता हिशेब कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवला आहे: ३१६० केबीपीएसला तासाला साधारण १.४ जीबी.

यूपीएस लॅपटॉपला होता, राउटरला नव्हता. तेही आता दुरुस्त.

अजून जमलेलं नाही ते म्हणजे डग्गा. हेडफोनवर भरदार, फोनच्या स्पीकरवर गायब. तेवढ्या खालचा आवाज तो स्पीकर काढतच नाही, त्यामुळे इक्वलायझरवर नुसतं खालचं वाढवून उपयोग नाही. पुढच्या शनिवारी २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवून बघणार आहे. ऐकायला स्वस्तातला फोन हवा, माझा जरा बरा आहे. आजींच्या लेकीला सांगून ठेवलंय, आजींच्या फोनवर लावा आणि डग्गा ऐकू आला का तेवढंच विचारा.