घोडबंदर रोडवरचा भागाकार

घोडबंदर रोडला गाड्या तुंबल्या की लोक मोबाइल काढतात. मी पुढच्या गाडीची नंबरप्लेट घेतो. एमएच ०४ सोडायचं आणि शेवटच्या चार अंकी संख्येला कशानं भाग जातो ते बघायचं. बायको शेजारी असेल तर मनातल्या मनात. ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं, आणि त्या सगळ्या मिळून २५च. दोन, तीन, पाच बघताक्षणी निकालात निघतात. सात छळतो. ९९९१ तर पक्की लबाड! दिसायला अगदी मूळ; पण दहा हजारातून नऊ वजा, म्हणजे शंभराचा वर्ग वजा तिनाचा वर्ग, म्हणजे ९७ गुणिले १०३. गणिती द. रा. कापरेकरांचं शालेय शिक्षण ज्या ठाण्यात झालं, तिथे एवढा नाद माफ असावा.

पण हा उद्योग चार अंकांपुरताच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटला सापडलेली मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०. सेकंदाला एक अंक या वेगानं, न झोपता वाचायची तर सव्वा वर्षाहून जास्त लागेल. हिला कोण एकेका संख्येनं भागत बसणार?

भागत बसत नाहीतच. या घराण्यातल्या, म्हणजे २ चा घात वजा १ अशा, संख्यांसाठी ल्युका-लेमर कसोटी आहे. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. ३१, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, घेऊन बघा: ४, १४, ८, ०. तीन फेऱ्यांत काम संपलं.

मला खरी गंमत वाटते ती शून्य न येण्याची. तेव्हा संख्या मूळ नाही हे पक्कं कळतं, पण तिला कोण भागतंय याचा पत्ता लागत नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे ल्युकानं १८७६ मध्येच दाखवलं होतं. तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली २७ वर्षं चोरी झाल्याचं सिद्ध, चोर फरार.

ड्युरंटच्या संख्येचा शेवटचा अंक मात्र बसल्या जागी निघतो. दोनाचे घात २, ४, ८, ६ असे आळीपाळीनं संपतात. घातांकाच्या शेवटच्या ४१ ला चारनं भागलं की बाकी १, म्हणून घात २ वर संपतो. त्यातून एक गेला, उरला १. पहिला अंक ८ आहे. तो काढायला लॉग लागतो, आणि तिथे शाळेतल्या चार दशांश स्थळांच्या कोष्टकानं भागत नाही. २ चा लॉग निदान दहा स्थळांपर्यंत हवा.