एक कला चुकली की लोणावळा

पौष शुद्ध त्रयोदशी. पुण्यात सहकारनगरच्या गच्चीवर, चंद्राचं ताऱ्यापासूनचं अंतर मोजून आपला रेखांश काढायचा पहिला पूर्ण प्रयत्न. चंद्राची उजळ कड ते रोहिणी अशी पाच मापं घेतली आणि रात्री अकरापर्यंत आकडेमोड केली. रेखांश आला 71 अंश 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे मुंबईच्याही पलीकडे, भर अरबी समुद्रात. खलाशांची पद्धत आहे, निदान समुद्रात तरी पोचले, असं म्हणत वही मिटली.

दुसऱ्या दिवशी काकांना वही दाखवली. त्यांचं आयुष्य बोटीवर गेलं, सेक्स्टंट, म्हणजे हे कोन मोजायचं यंत्र, तेही त्यांचंच. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"इंडेक्स एरर किती होती?"

"तीन कला, ऑन द आर्क."

"मग मिळवलीस कशाला? ऑन असेल तर ऑफ करायची असते, बाई."

इंडेक्स एरर म्हणजे यंत्राचा शून्यच सरकलेला असणं; 'ऑन द आर्क' म्हणजे ते तेवढं जास्त दाखवतं. तीन कला वजा करायच्या त्या मी मिळवल्या होत्या. अंतरात फरक पडला सहा कलांचा, आणि सहा सत्ते... नाही, सहा गुणिले सत्तावीस, म्हणजे रेखांशात 2 अंश 42 कला. चूक तंतोतंत सापडली.

हा सत्तावीसचा गुणक या छंदात मानगुटीवरच बसतो. चंद्राच्या ताऱ्यांमधल्या जागेवरून ग्रिनिचची वेळ कळते, आणि ती व स्थानिक वेळ यांच्या फरकातून रेखांश. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण 33 कला सरकतो. तेवढ्याच वेळात पृथ्वी 15 अंश, म्हणजे 900 कला फिरते. भागाकार केला की सत्तावीस. पुणे 73 अंश 51 कलांवर आणि लोणावळा 73 अंश 24 कलांवर, म्हणजे बरोबर सत्तावीस कलांचं अंतर. सेक्स्टंटच्या ड्रमवरची एका कलेची एक रेघ चुकली की गाडी लोणावळ्याला. 1714 च्या ब्रिटिश कायद्यात समुद्रावर रेखांश काढण्याच्या 20,000 पौंडांच्या बक्षिसासाठी अर्ध्या अंशाच्या अचूकतेची अट होती, तिचा अर्थ मला गच्चीवरच कळला. चंद्राची कोष्टकं, यंत्र आणि माणूस, तिघांनी मिळून एका कलेच्या आसपासच चुकायचं! जर्मन खगोलशास्त्रज्ञ मायरची चंद्रकोष्टकं त्या पातळीला आली, म्हणूनच 1765 मध्ये त्याच्या विधवेला 3000 पौंड मिळाले, आणि 1767 पासून ब्रिटिश राजज्योतिषी मॅस्केलाइनच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये (खलाशांच्या पंचांगात) दर तीन तासांची चांद्र-अंतरं छापून येऊ लागली. 1907 पासून ती बंद झाली. आपल्याला ती स्वतःच काढावी लागतात.

त्या जुन्या कोष्टकांत ठरलेले नऊच तारे असत. त्यांतले रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि श्रवण आपल्या पंचांगातलेच. तिथी तरी दुसरं काय असते? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी. आपण तिथीचे बारीक तुकडे करत बसलोय, एवढंच.

आता परातीविषयी. पुण्यात समुद्राचं क्षितिज नाही, त्यामुळे स्थानिक वेळेसाठी ताऱ्याची उंची प्रतिबिंबावरून घ्यावी लागते. परातीतलं पाणी गच्चीवरच्या वाऱ्याने सतत थरथरायचं. मग आईच्या नकळत काकवी ओतली. काळी, जड, आरशासारखी स्थिर. तारा त्यात असा बसतो की बघत राहावं. पंधरा मिनिटांनी परातीच्या काठावर मुंग्यांची रांग लागली आणि पाठोपाठ आईही वर आली. आता परात पाण्याच्या ताटात ठेवते, डब्याच्या बुडाला पाणी ठेवतात तशी.

लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी गच्चीवरून बघितल्याने चंद्र सरकलेला दिसणं) आणि वक्रीभवन (हवेत प्रकाश वाकणं) काढून टाकणं हे पूर्वी रडवणारं काम होतं. चंद्राचं लंबन एक अंशाच्या घरात जातं, ते गाळलं तर सगळंच मुसळ केरात. पण आता ते स्प्रेडशीट करते, त्याबद्दल फार लिहीत नाही.

माघात तीन रात्री फक्त रोहिणीवरून सात-सात मापं घेतली. सातही मापं एकमेकांपासून पाव कलेच्या आत. फार खूश होते. उत्तर मात्र तिन्ही रात्री 73 अंश 39 कला, म्हणजे वडगाव मावळ. मापं वाढवली, सरासरी आणखी घट्ट झाली, पण वडगाव काही सुटेना. सरासरीने हाताचा कंप जातो, यंत्राची खोड जात नाही.

फाल्गुन शुद्ध दशमीला चंद्र डोक्यावर, पश्चिमेला रोहिणी, पूर्वेला मघा. त्या रात्री दोन्ही बाजूंनी मोजलं. मघेसाठी तारा चंद्राच्या बिंबावरून ओढत पलीकडच्या उजळ कडेला टेकवावा लागतो. त्या झगमगाटात तो हरवतो, त्यामुळे सातांतली दोन मापं टाकून दिली. रोहिणीवरून पुन्हा वडगाव, 12 कला पश्चिमेला. मघेवरून 74 अंश 11 कला, उरुळी कांचनच्या जरा पुढे, म्हणजे 20 कला पूर्वेला. अंतर सतत जास्त वाचलं जात असेल तर चंद्राच्या मागच्या ताऱ्यावरून (इथे रोहिणी) तुम्ही पश्चिमेला ढकलले जाता आणि पुढच्यावरून (मघा) पूर्वेला. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा 16 कला, भागिले सत्तावीस, म्हणजे सेक्स्टंट (किंवा तारा टेकवण्याची माझी सवय) सुमारे 0.6 कला जास्त दाखवते. दोन्हींची सरासरी 73 अंश 55 कला. हडपसर!

चूक चार कला पूर्वेला, म्हणजे सात किलोमीटर. न हलणाऱ्या गच्चीवरचा आकडा आहे, डेकवर उभं राहून आलेला नाही. पण या चार कला दोन्ही बाजूंच्या सरासरीतही का उरल्या? माझा संशय चंद्राच्या कडेवर आहे. उजळ कड डोळ्याला आहे त्याहून किंचित फुगलेली दिसते. शुक्ल पक्षात रोहिणीचं अंतर त्यामुळे कमी भरतं आणि मघेचं जास्त, आणि दोन्ही चुका पूर्वेकडेच ढकलतात. चार कलांच्या चुकीला कड नऊ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) फुगली तरी पुरते.

कृष्ण पक्षात उजळ कड दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा ही चूक उलटायला हवी. वद्य षष्ठीला पहाटे साडेचारला चित्रा आणि श्रवण घेणार आहे. श्रवण चंद्राच्या वाटेपासून बराच उत्तरेला, त्यामुळे तिथे गुणक सत्तावीस नाही, तेहेतीस-पस्तीस धरावा लागेल. चंद्रावर एक जादा काळी काच लावणार नाही, नाहीतर कडेचा फुगवटा बदलेल आणि तुलनाच बिघडेल. उत्तर पश्चिमेला बावधनच्या आसपास आलं तर दोष कडेचा. पुन्हा हडपसरच आलं तर घोळ स्थानिक वेळेत आहे, आणि परातीपासून सगळं पुन्हा तपासावं लागेल.